चिमणीचा वारा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आईला पुण्याला माझ्याकडे येऊन तीन-चारच दिवस झाले होते. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती ‘खट्’ अशा आवाजाने. थोड्या वेळाने पुन्हा एक खट्. मग स्वयंपाकघराच्या बाजूने लागोपाठ दोन. उठून बाहेर आले तर आई अंधारात भिंतीला हात लावत घरभर फिरत होती आणि दिसेल ते बटण बंद करत होती. पॅसेजमधला दिवा, टीव्हीमागचं लाल ठिपक्याचं बटण, मिक्सरचं, मोबाइल नसलेल्या चार्जरचं. वायफायचंसुद्धा. मला सकाळी सातची बस धरायची होती आणि झोपमोडीचा राग आला होता. मी जरा तोडूनच म्हटलं, “आई, झोप ना. एवढासा एलईडी आहे तो. रात्रभर राहिला तरी रुपया येत नाही.” ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पैशाचं कोण बोलून राहिलं? तिकडं कोळसा टाकावा लागते ना कोणाले तरी.”

आणि कूस बदलून झोपली. मला मात्र झोप लागली नाही. तिच्या डोक्यावर एसी चालू होता, मीच लावून दिलेला, तिला उकडू नये म्हणून. त्याची घरघर ऐकत मी बराच वेळ पडून राहिले. कोणालातरी टाकावा लागतो. ‘जळतो’ नाही, ‘टाकावा लागतो’. ते ‘कोणीतरी’ म्हणजे कोण हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तीस वर्षं तो माणूस आमच्या घरातूनच सायकल काढून शिफ्टला जायचा.

माझं बालपण चंद्रपूर जिल्ह्यात, एका औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. बाबा कोळसा हाताळणी विभागात होते, ज्याला सगळे सीएचपी म्हणत. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एका ओळीत पिवळी क्वार्टर्स, प्रत्येकाला पुढे हातभर बाग, मागे न्हाणीघर आणि कपडे वाळत घालायच्या दोन तारा. पश्चिमेला केंद्र, पूर्वेला पाण्याची टाकी आणि तिच्यामागे जंगल, जे पुढे ताडोबापर्यंत जातं. या भूगोलावर वसाहतीतल्या बायकांचा दिवस चालायचा. सकाळी धुणं झालं की बादली उचलण्याआधी आई अंगणात येऊन उभी राहायची, मान थोडी वर करून. वारा कुठला आहे ते बघायची. पूर्वेचा असला तर ‘जंगलाचा वारा’, तारेवर चादरीसुद्धा बिनधास्त टाकायच्या. पश्चिमेचा असला तर ‘चिमणीचा वारा’, मग कपडे आतल्या दोरीवर. हे शब्द आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत होते. शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडून विचारायच्या, “कुठला वारा हाय जी?” आणि आई पोळपाटावरून न उठता उत्तर द्यायची, कारण वारा तिला वासावरून कळायचा. चिमणीच्या वाऱ्याला थोडा जळका, थोडा ओल्या चुलीसारखा वास असतो. तुळशीच्या पानांवर बोट फिरवलं की बोट राखाडी व्हायचं. आमच्या तुळशीला रोज पाणी घालायचे नाहीत, रोज अंघोळ घालायचे.

राखेबद्दल कोणी फारशी तक्रार करत नसे. तिच्यावर आमची घरं चालत होती. माझी फी, दादाचं पॉलिटेक्निक, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या कोळशातून निघालं. आज मी पुण्यात बसून कोळशाबद्दल काही लिहायला जाते तेव्हा हात जरा अडखळतो तो यामुळे.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत जाऊ द्यायचे. सातवी-आठवीत असताना बाबांनी मला बॉयलरपर्यंत नेलं. आधी त्यांचा टिपलर दाखवला. कोळशाने भरलेली आख्खी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, रुळांसकट उचलून आडवी करतात, कोळसा धडाडत खाली जातो, आणि वाघीण परत सरळ होऊन पुढे निघते. (रेडिओवरच्या बातम्यांत ‘कोळशाच्या वाघिणी’ म्हणत. लहानपणी कित्येक दिवस मला वाटायचं की जंगलातल्या वाघिणी रात्री येऊन कोळसा टाकून जातात.) पट्ट्यावरून तो कोळसा गिरण्यांकडे जातो, तिथे दळून त्याची पूड होते, भाकरीच्या पिठाहून कितीतरी बारीक, आणि ती पूड वाऱ्याबरोबर भट्टीत फुंकतात. बाबांनी एका काकांकडून निळ्या काचेचा तुकडा मागून घेतला, भट्टीच्या भिंतीतलं वहीएवढं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, “पाह्य, पण टेकू नको.” काचेतून आत बघितलं. मला ज्वाळा दिसतील असं वाटलं होतं. तिथे ज्वाळा नव्हत्या. आत नुसता उजेड होता, भिंत नसलेला, तळ नसलेला, थरथरणारा. चेहऱ्यावर तव्याची वाफ यावी तसा चटका आला आणि मी मागे सरले. बाहेर आल्यावर बाबांनी मला उसाचा रस पाजला. रस पिताना म्हणाले, “लोकांले वाटते आपण वीज करतो. आपण कोळसाच पाठवतो मुंबईले. तारेतून जाते, म्हणून त्यांचे हात काळे होत नाहीत.”

पुढे 1999 च्या सुमारास चंद्रपूरहून थेट भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश प्रवाहाची (डीसी) लाइन सुरू झाली, 1,500 मेगावॅट वाहून नेणारी. बाबांना त्या लाइनचं भारी कौतुक होतं. तोवर मी लग्न होऊन पुण्याला आले होते. सुट्टीत गेले की ते मला सांगायचे, आता तुमच्याकडे कोळसा एक्सप्रेसने येतो. मी हसायचे. हात काळे न होणाऱ्यांच्या बाजूला मी कधी जाऊन बसले, ते त्या हसण्यात लक्षात आलं नाही.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी विजेचं बिल आलं. 412 युनिट. नवऱ्याने विचारलं, “किती आलं?” आणि मी रुपये सांगितले. आईनेही विचारलं, पण तिने विचारलं, “युनिट किती?” ती कायम युनिटच विचारते. मी कागद घेऊन बसले. ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या वापरापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो त्याचं माप, हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, मुलाच्या शाळेच्या प्रकल्पातही तो होता, त्याने चार्टपेपरवर हिरवं पाऊल काढलं होतं. पण कार्बन डायऑक्साइडचे किलो ही गोष्ट मला कधी अंगाला लागली नव्हती. वायूचं वजन डोळ्यांपुढे येत नाही. कोळशाचं येतं. म्हणून मी बाबांच्या हिशेबाने गेले. कोळशावरच्या एका युनिटला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची, बाकी पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची, अणूची. माझ्या घरात नेमकी कुठली आली हे कोणी सांगू शकत नाही, सगळी एकाच जाळ्यात मिसळते, कोयनेची आणि कोराडीचीही. तेव्हा सरासरीने युनिटमागे अर्धा किलो कोळसा धरला. 412 युनिट म्हणजे दोनशे सहा किलो.

पन्नास किलोची चार पोती.

आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर चपलांचं कपाट आहे. तिथे चार पोती कोळसा उतरवून ठेवलाय असं मी मनात चित्र केलं. दर महिन्याला माणूस येतो, पोती उतरवतो, सही घेतो. आपल्या कोळशात राख फार, कधी तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे जाताना तो माणूस माझ्या वजनाहून जास्त भरेल एवढी राख घेऊन जाणार. नाही, घेऊन जात नाही, ती तिकडेच राहते. आणि जो वायू झाला त्याचं वजन कोळशाहून जास्त भरतं, हे मला आधी पटेचना. जाळल्यावर वस्तू कमी व्हायला हवी. पण कार्बनचा प्रत्येक कण हवेतला प्राणवायू धरून वर जातो, बारा ग्रॅम कार्बनचे चव्वेचाळीस ग्रॅम होतात. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. माझ्या मे महिन्याचा झाला 288 किलो. लिटरभर पेट्रोल हातात धरलं तर पाऊण किलोही भरत नाही, जळल्यावर त्याचा 2.3 किलो वायू होतो. स्वयंपाकाच्या 14.2 किलोच्या एका सिलिंडरचा 42 किलो. राख आईच्या तुळशीवर बसते आणि अंघोळीने जाते. हा वायू दिसत नाही, बसत नाही, धुता येत नाही. त्याला जंगलाचा वारा आणि चिमणीचा वारा हा फरक नाही. तो सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन शेकडो वर्षं राहतो.

मग मी आईच्या बटणांचा हिशेब केला, खरं सांगायचं तर तिला चुकीचं ठरवण्यासाठीच केला. पॅसेजमधला नऊ वॉटचा दिवा रात्रभर राहिला तर किती कोळसा? पस्तीसेक ग्रॅम. लहानशा लिंबाएवढा खडा. आणि तिच्याच खोलीतला दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर? आठ युनिट, म्हणजे चार किलो. तेलाचा पाच लिटरचा कॅन भरेल एवढा. ती लिंबाएवढ्या खड्यासाठी अडीच वाजता उठली होती आणि तिच्या उशाशी मी रोज एक कॅन जाळत होते. हा मुद्दा तिला सांगायला मी बाहेर आले, मोठ्या तयारीने. ती निवांत मटार सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग तो बंद कर ना. मी कुठं सांगितलं होतं लावाले? मले तर सांधे धरतात त्यानं.”

चार दिवस ती सकाळी गुडघे चोळत होती, ते मी बघत होते. वयाचं आहे असं मीच ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जायचा, अजूनही जातो. तिथे कूलर हाच घरचा देव. होळी झाली की बाबा पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली काढायचे, जुन्या जाळ्या सोडवायचे आणि बाजारातून वाळा आणायचे. नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो तो मला आजही कुठल्याही अत्तराहून मोठा वाटतो. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरणं हे माझं आणि दादाचं काम होतं, पाइप धरून कोण उभं राहणार यावर भांडण. रात्री सगळं घर त्या एका कूलरसमोर ओळीने झोपायचं. पाहुणे आले तर ओळ लांब व्हायची, वारा तेवढाच. आता आमच्या तीन माणसांच्या घरात दोन एसी होते आणि तीन दारं बंद असायची. उकाडा वाढला हे खरं, पुण्याचा उन्हाळा मी आले तेव्हाचा राहिलेला नाही. पण ओळ मोडली हेही खरं.

याच एसीची आणखी एक आठवण त्या हिशेबात वर आली आणि ती मला जास्त टोचली. दोन वर्षांपूर्वी तो थंड करेनासा झाला होता. दुरुस्तीला एक तरुण मुलगा आला. गॅस कमी झालाय म्हणाला, अर्धवट भरता येत नाही, आधीचा काढून नवीन भरावा लागेल. बाल्कनीत बसून त्याने पान्याने एक नट सैल केला आणि फुस्स आवाज सुरू झाला, लांब, एकसारखा, कुकरचं प्रेशर सोडावं तसा. दोन-तीन मिनिटं चालला असेल. मी त्याच्यासाठी चहा घेऊन तिथेच उभी होते. बाहेरच्या पेटीवर लेबल होतं, आर-410ए, 1.2 किलो. हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. निम्माच उरला होता असं धरलं तरी त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या बाल्कनीतून बाराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं काहीतरी गेलं. आमच्या घराची चार महिन्यांहून जास्त काळाची भर उन्हाळ्यातली वीज. त्या मुलाकडे वायू भरून परत न्यायचं नळकांडं नव्हतं, आणि असं काही असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मी त्याला साखर बरोबर आहे का एवढंच विचारलं. आता दुरुस्तीला फोन करताना मी आधी विचारते, गॅस परत ओढून घ्यायचं यंत्र आहे का. बहुतेक ठिकाणी पलीकडचा माणूस गोंधळतो. पण गेल्या वेळी एकजण म्हणाला, आहे ताई, कोणी विचारत नाही म्हणून आणत नाही. घेऊन आला.

मग आम्ही काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात काही विशेष नाही. चारही पंखे बदलले. जुने पंचाहत्तर वॉट खायचे, नवे तीसच्या आसपास, आणि मे महिन्यात पंखा बारा-बारा तास फिरतो. एक एसी काढून टाकला, दुसरा सत्तावीसवर आणि वर पंखा, तोही पहाटेपर्यंत नाही. पंधरा वर्षांचा फ्रिज गेला. त्याच्यावर मी महिनाभर घोळत होते, कारण नवा फ्रिज करतानाही पोलाद, प्लास्टिक, वाहतूक असं सगळं लागतंच, पण जुना दिवसाला दोन युनिट घेत होता आणि नवा पाऊणच्या खाली घेतो, तेव्हा ते पटलं. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय दोन सभांमध्ये आला आणि पापड कुठे वाळवायचे यावर अडकला, तिसऱ्या सभेत सुटला. आता लिफ्ट आणि पाण्याचा पंप दिवसा त्यावर चालतो. पापडांसाठी पश्चिमेचा कोपरा सोडलाय.

मुलाने एकदा फोनवर मला सांगितलं की ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्दच मुळी एका तेल कंपनीने लोकप्रिय केला. खरं आहे ते. बीपीने, म्हणजे पूर्वीच्या ब्रिटिश पेट्रोलियमने, 2004-05 च्या सुमारास जाहिरातींतून हे पाऊल घराघरात पोचवलं, तुमचं किती ते मोजा म्हणून. विहिरी खोदणाऱ्याने तहानलेल्याला घोट मोजायला लावावेत तसं झालं. मला त्याचा राग येतो. वीज कशाची करायची, रेल्वे वाढवायची की रस्ते, शेतकऱ्याला पंपाला वीज दिवसा द्यायची की रात्री, हे माझ्या बटणावर ठरत नाही. आमच्या भागात अजून कितीतरी लोक रात्री वीज येते म्हणून बॅटरी घेऊन शेतात पाणी द्यायला जातात, आणि शेजारी जंगल आहे, खऱ्या वाघिणींचं. शाळेत माझी एक मैत्रीण होती, केंद्राला लागूनच असलेल्या गावातली. तिच्या घरून चिमणी आमच्या घरापेक्षा जवळ दिसायची, पण तिच्या घरी मीटर नव्हतं. दहावीच्या वर्षी ती आमच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली अभ्यासाला यायची. तिचं पाऊल किती लहान होतं म्हणून कोणी तिचं कौतुक करू नये. तिला दिवा हवा होता. आपल्या देशात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास, अमेरिकेत चौदा. आपल्या दोन टनांत ती मैत्रीणही आहे आणि मीही आहे. सरासरी आमच्या दोघींच्या मध्ये कुठेतरी उभी आहे, आणि माझ्या वाट्याचं झाकायला तिच्या नसलेल्या दिव्याचा उपयोग होतो. तेल कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हे मला जास्त लागतं.

आणि विमान. मुलगा लंडनला शिकतो. त्याचा पदवीदान समारंभ या हिवाळ्यात आहे. मुंबई-लंडन जाऊन-येऊन एका माणसामागे टनाच्या आसपास. पंखे, एसी, फ्रिज, सगळं मिळून वर्षभरात आम्ही साधारण आठशे युनिट वाचवले, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे किलो. आम्ही दोघं गेलो तर तीन-साडेतीन वर्षांची बचत एका आठवड्यात जाणार. हा आकडा मी कागदावर मांडला आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मग पुन्हा काढला. मला जायचंय. त्याला त्या काळ्या झग्यात बघायचंय, त्याच्या खोलीतला कपाटाचा खण आवरायचाय, त्याला पिठलं-भाकरी करून घालायची आहे. हे मी कशाशी वजा करू? नवरा म्हणतो तू एकटी जा, मी व्हिडिओवर बघतो. ते मला आणखीच नको वाटतं. अजून आमचं ठरलेलं नाही.

आईला सांगितलं. तिला टन वगैरे सांगितलं नाही, पोत्यांतच सांगितलं. इकडून तिकडे जाऊन यायचं तर दोघांचे मिळून तीसेक पोती कोळसा जाळल्यासारखं आहे म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. फोनवर मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “जाय. लेकरू हाय. पण दरसाली नको जाऊ.” आणि लगेच विचारलं, “तिथं थंडी हाय म्हणते, स्वेटर हाय का चांगला? तुह्या बाबांचा पडला हाय, कंपनीतून भेटलेला. उसवला नाही कुठं.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून त्यांनी वसाहतीच्या रस्त्यापलीकडे दोन खोल्या बांधल्या होत्या. आई तिथेच राहते, कितीही सांगितलं तरी पुण्याला कायमची येत नाही. चंद्रपूर 2009 मध्ये देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक भागांच्या सरकारी यादीत चौथं होतं. तेव्हा मी बाबांना कात्रण दाखवून म्हटलं होतं, घर विका आणि या. त्यांनी कात्रण नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “अन् मंग तुमच्याकडं वीज कोण पाठवंल?” ते रागाने नव्हते म्हणाले. त्यांना खरोखरच तो प्रश्न पडला होता. घरात ते कधी विनाकारण दिवा लावून देत नसत, आणि कोणी लावला तर ओरडतही नसत, उठून बंद करायचे. मी ते कंजूषपणात मोजलं होतं, आमच्या पिढीने आईवडलांच्या कितीतरी गोष्टी कंजूषपणात मोजल्या. स्वयंपाक करणारी बाई ताटात टाकलेलं अन्न बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बाबांच्या चेहऱ्यावर रिकाम्या खोलीतला पंखा बघून यायचं. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी सातला आलेला माणूस. कानाच्या पाळीमागे, नखांत, पापण्यांच्या मुळाशी काळं. अंघोळीनंतरही डोळ्यांत काजळ घातल्यासारखे दिसायचे. आईचं ते रात्रीचं खट् खट् तिथून आलंय.

या मे महिन्याचं बिल परवा आलं. संध्याकाळी फोन केला. तिने नेहमीसारखं विचारलं, युनिट किती.

“दोनशे एक्क्याऐंशी.”

“अन् मागच्या साली?”

“चारशे बारा.”

ती पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजत होती, ते मला ऐकू येत होतं. सव्वा पोतं होतं, पण मी सांगितलं नाही, तिला मोजू दिलं. शेवटी म्हणाली, “बरं.” एवढंच. मग भाजी काय केली, गुडघा कसा आहे, शेजारच्या काकूंचं काय, असं सगळं झालं. फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, कितीतरी वर्षांनी विचारलं.

“आई, आज कुठला वारा आहे?”

“जंगलाचा,” ती म्हणाली. “सकाळीच गोधड्या टाकल्या तारेवर.”